ऑस्करचे भाकीत आणि केशोरीचा कौल

दिवाळी आटोपते, भाऊबीज होते, धानाची कापणी वेग घेते आणि गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील केशोरी आणि तिच्या आसपासच्या गावांना नाटकांचे वेध लागतात. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेला हा जंगलाचा, तलावांचा आणि धानशेतीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री कापणी झालेल्या बांधीत उभारलेल्या मंडपात नाटक, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. वडशाच्या नाट्यमंडळांशी गावच्या मंडळाने कित्येक आठवडे आधीच करार केलेला असतो. कोणते नाटक गावाला आवडेल, कोणत्या तारखेला शेजारच्या गावात प्रयोग नाही, तिकिटांतून खर्च निघेल की पदरचे घालावे लागतील, याचे आडाखे पारावर बसून बांधले जातात. अंदाज चुकला तर झळ स्वतःच्याच खिशाला बसते. म्हणून हे भाकीत फार जबाबदारीने केले जाते.

नेमक्या याच दिवसांत मुंबईत आणि तिथून कित्येक हजार मैलांवरच्या लॉस एंजेलिसमध्ये दुसरेच एक भाकीत रंगात आलेले असते. भारताने पाठविलेल्या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळणार की नाही? सप्टेंबरच्या सुमारास निवडीची घोषणा होते, डिसेंबरात पंधरा चित्रपटांची यादी लागते, जानेवारी-फेब्रुवारीत पाच नामांकने जाहीर होतात. या काळात वृत्तपत्रांचे रकाने आणि दूरचित्रवाणीच्या चर्चा तर्कवितर्कांनी ओसंडून वाहतात. यादीत नाव नसले की दोन दिवस हळहळ, कुणावर तरी दोषारोप, आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत सारे शांत.

या दोन भाकितांचा परस्परांशी काही संबंध आहे का? वरवर पाहता मुळीच नाही. परंतु थोडे खोलात शिरले तर ध्यानात येते, की आपल्या चित्रपटसृष्टीचे ऑस्करविषयीचे भाकीत वारंवार चुकते याचे एक कारण केशोरीच्या पारावर दडलेले आहे.

भाकीत की गणित?

ऑस्करचे नामांकन हा नशिबाचा खेळ आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील अकादमीची स्थापना १९२७ सालची आणि पहिला पुरस्कार सोहळा १९२९ चा. परभाषिक चित्रपटांसाठी स्पर्धात्मक स्वरूपाचा स्वतंत्र पुरस्कार १९५६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. २०१९ मध्ये या गटाचे नाव बदलून ‘आंतरराष्ट्रीय कथापट’ असे करण्यात आले. एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा, तो चित्रपटगृहात किमान सलग सात दिवस दाखविलेला असावा, त्यातील निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीव्यतिरिक्त भाषेत असावेत, ही त्याची ठळक पथ्ये. दरवर्षी ऐंशी-नव्वद देशांचे चित्रपट या रिंगणात उतरतात. अकादमीचे जे सदस्य या गटासाठी मतदान करू इच्छितात त्यांनी ठरावीक संख्येने चित्रपट पाहावेत आणि गुप्त मतदानाने आधी पंधरा व मग पाच निवडावेत, अशी ही पद्धत आहे.

आता यातील मेख पाहू. ऐंशी-नव्वद चित्रपट प्रत्येक सदस्य पाहू शकत नाही. ज्या चित्रपटाविषयी त्याने आधीच काही वाचले-ऐकले आहे, ज्याला अमेरिकेत नावाजलेला वितरक लाभला आहे, ज्याचे खेळ त्याच्या शहरात लागले आहेत, तो चित्रपट पाहिला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक. कान, व्हेनिस, बर्लिन, टोरांटो या महोत्सवांचे महत्त्व इथे आहे. दक्षिण कोरियाच्या ‘पॅरासाइट’ने २०१९ साली कानचा सर्वोच्च सन्मान मिळविला आणि २०२० मध्ये ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मुकुटही पटकावला. जपानचा ‘ड्राइव्ह माय कार’ कानमधून पुढे आला, ब्राझीलचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ व्हेनिसमधून. ज्याला भाकीत करायचे आहे त्याने कुंडली मांडण्याचे कारण नाही. महोत्सव, वितरक, प्रचारासाठी हाती असलेला वेळ आणि पैसा, या चार गोष्टी तपासल्या की अंदाज बऱ्याच अंशी बरोबर येतो. मग प्रश्न उरतो तो हा, की हे साधे गणित आपल्याला अद्याप का सोडविता आलेले नाही?

तीन नामांकने आणि त्यांचा बोध

भारताने पाठविलेल्या चित्रपटांपैकी केवळ तिघांना या गटात नामांकन मिळाले आहे. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ (१९५७), मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) आणि आशुतोष गोवारीकर या मराठी दिग्दर्शकाचा ‘लगान’ (२००१). यांपैकी एकालाही पुरस्कार मिळाला नाही. ‘लगान’च्या वर्षी तो बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेला. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटला. गुजराती ‘छेल्लो शो’ २०२२ च्या डिसेंबरात पंधरांच्या यादीत आला, नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ही २०२५ च्या डिसेंबरात तिथवर पोहोचला. ‘लगान’नंतर चौथ्या नामांकनाची वाट मात्र अद्याप पाहावीच लागत आहे.

या तिघांपैकी दोन चित्रपट शेतकऱ्याचे आहेत, हा योगायोग मानावा काय? ‘मदर इंडिया’तील राधा सावकाराच्या कर्जात पिचलेल्या गावाची, ‘लगान’मधील भुवन दुष्काळात साऱ्याच्या ओझ्याने वाकलेल्या गावाचा. दोन्ही चित्रपट आपल्या प्रेक्षकांसाठी, आपल्या गाण्यांसह, आपल्या पद्धतीने काढलेले. परक्या परीक्षकाला काय रुचेल याचा हिशेब मांडून त्यांची कथा बेतलेली नव्हती. ‘मदर इंडिया’त शेवटी गावाच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी आई आपल्या पोटच्या पोरावर गोळी झाडते. हा प्रसंग समजण्यासाठी प्रेक्षकाला भारतीय असावे लागत नाही, पण तो रचण्यासाठी मात्र भारतीय मनच लागते.

इथे आणखी एका मराठी नावाचे स्मरण करणे उचित ठरेल. ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची आहे. भानू अथैया यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत हा पुरस्कार लाभला. चित्रपट रिचर्ड ॲटनबरो या इंग्रज दिग्दर्शकाचा होता, परंतु खादीचा पोत, धोतराची नीस, पगडीचा बांध यांची जाण या मातीतली होती. पुढे ‘लगान’मधील गावकऱ्यांची वस्त्रेही त्यांनीच घडविली. आपल्याकडील मालाचे मोल बाहेर केव्हा होते, तर तो अस्सल असतो तेव्हा. २०२० मध्ये या कलावतीचे निधन झाले. मराठी घरांत त्यांचे नाव आजही किती मुलांना ठाऊक असेल?

मराठीची वारी

मराठी चित्रपट या स्पर्धेत भारताचा प्रतिनिधी म्हणून तीनदा गेला. त्यातील पहिली वारी महाराष्ट्राच्या स्मरणात कायमची राहील. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ पटकावले. ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने हा मान मराठीकडे परतला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार हे ठरलेले, आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग डोळे भरून दाखवू पाहणारे आजोबा, एवढीच कथा. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे या बालकलाकाराचा नातू पाहताना चित्रपटगृहेच्या चित्रपटगृहे मुकी झाली होती.

‘श्वास’ ऑस्करसाठी निवडला गेला आणि प्रश्न उभा राहिला पैशाचा. अमेरिकेत जाऊन खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, अकादमीच्या सदस्यांपर्यंत पोहोचायचे, तर निर्मात्यांच्या तुटपुंज्या भांडवलात ते बसणारे नव्हते. तेव्हा मराठी समाजाने जे केले ते अपूर्व होते. शाळकरी मुलांनी पणत्या विकून पैसे जमविले, नाट्यकर्मींनी मदत केली, अमिताभ बच्चन यांच्यासारख्या कलावंतांनी देणगी दिली, शासनानेही हातभार लावला. कुण्या मोठ्या कंपनीचे पाठबळ नसताना एक समाज आपल्या चित्रपटासाठी ओंजळ पुढे करतो, हे दृश्य भारतीय चित्रपटसृष्टीत तरी दुर्मीळच म्हणावे लागेल. नामांकन मिळाले नाही. त्या वर्षीच्या पाचांत स्पेन, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी आणि दक्षिण आफ्रिका यांचे चित्रपट होते आणि स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ने बाजी मारली. परंतु ‘श्वास’ने मराठी चित्रपटाला जो आत्मविश्वास दिला त्यातून पुढच्या दोन दशकांची वाट रुंद झाली. मुलांच्या पणत्या विझल्या नाहीत.

दुसरी वारी परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ची, २००९ सालची. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची ही गोष्ट. याच फाळक्यांनी १९१४ मध्ये आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखविले होते. तिथे त्यांना विलायतेतच राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रण मिळाले आणि त्यांनी ते नाकारले. त्यांना कारखाना उभारायचा होता तो इथे. परदेशात कौतुक झाले ते आनंदाने स्वीकारायचे, पण त्या कौतुकापायी आपला पाया हलवायचा नाही, हा धडा भारतीय चित्रपटाच्या जनकाने पहिल्याच वर्षी घालून दिला आहे.

तिसरी वारी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची, २०१५ मधील. व्हेनिसचे सन्मान आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ पाठीशी असलेला हा चित्रपट. त्यातील वैचारिक मांडणीशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनीही त्याची शिस्त आणि न्यायालयाच्या दैनंदिन कारभाराचे बारीक निरीक्षण मान्य करावे अशा तोलाचा. लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार होते. भाकिताच्या साऱ्या कसोट्यांवर तो उतरत होता, तरीही पाचांत आला नाही. म्हणजे चारही गोष्टी अनुकूल असूनही यश हमखास नसते. गणित शक्यता वाढविते, निकाल लिहून देत नाही.

निवड कोणाची, निकष कोणता?

भारताचा चित्रपट निवडते ती फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था आणि तिने नेमलेली समिती. या निवडीवरून वाद झाला नाही असे वर्ष विरळाच. २०१३ मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरील ‘लंचबॉक्स’ कानमध्ये गाजला होता, अमेरिकेतील एका मातबर वितरकाने तो घेतलाही होता. समितीने ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठविला. त्याच्या गुणवत्तेविषयी इथे काही म्हणायचे नाही. परंतु परीक्षेचे नियम ठाऊक असताना सर्वांत तयारीचा विद्यार्थी वर्गाबाहेर ठेवणे, याला काय म्हणावे?

२०२४ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानमध्ये ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळविला. मुंबईत राबणाऱ्या परिचारिकांची ही कथा कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन संपते आणि त्यात छाया कदम या मराठी अभिनेत्रीची भूमिका मनात घर करते. समितीने एकोणतीस चित्रपटांतून ‘लापता लेडीज’ निवडला. कपाडियांचा चित्रपट युरोपीय वाटतो, असे समितीचे मत असल्याचे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. तेरा सदस्यांच्या त्या समितीत एकही स्त्री नव्हती, आणि निवडीसाठी पुढे असलेले हे दोन्ही चित्रपट स्त्रियांच्या आयुष्याविषयी होते! ‘लापता लेडीज’ देशात लोकप्रिय झाला, त्याचा विनोद निर्मळ आहे, पण पंधरांच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही.

आता न्याय्य विचार करू. चित्रपटाने भारतीय असावे, हा समितीचा आग्रह मुळात चुकीचा नाही. राष्ट्राचा प्रतिनिधी निवडताना राष्ट्राचा चेहरा त्यात दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तसा निकष लावायचा असेल तर तो आधी जाहीर करावा, लेखी असावा आणि सर्वांना सारखाच लागू व्हावा. निकष निकालानंतर सांगायचा नसतो. आणि पुरस्कार हे ध्येय असेल तर समितीत वितरणाची व महोत्सवांची जाण असलेली माणसे हवीत. दोन्ही गोष्टी साधायच्या असतील तर दोन्हींचे वजन आधी ठरवावे. आजची निवड या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते, आणि म्हणून भाकीत करणाऱ्याला चित्रपटापेक्षा समितीच्या मनाचाच अंदाज बांधत बसावे लागते.

वेळेचेही तसेच. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ २२ सप्टेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी तो ऑस्करसाठी निवडला गेल्याची घोषणा झाली. देशातील प्रेक्षकाने चित्रपट पाहण्याआधीच तो देशाचा प्रतिनिधी झाला होता! नक्षलग्रस्त जंगलातील एका मतदान केंद्राची ही कथा. केशोरीच्या माणसाला तिची पार्श्वभूमी सांगावी लागणार नाही. अर्जुनी-मोरगाव मतदारसंघात सुरक्षेच्या कारणास्तव मतदान दुपारी तीनलाच संपल्याचे त्याने पाहिले आहे, मतदान यंत्रांसोबत जंगलातून जाणारी पथके त्याच्या ओळखीची आहेत. या चित्रपटात काय खरे आहे आणि काय शहरी कल्पना आहे, हे अधिकारवाणीने सांगू शकेल असा समीक्षक केशोरीत आहे. त्याचे मत कोणी विचारले?

दारिद्र्याचे प्रदर्शन?

ऑस्करचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. पाश्चात्त्यांना आपले दारिद्र्यच पाहायला आवडते, झोपडपट्टी दाखवा आणि पुरस्कार न्या. २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ या ब्रिटिश चित्रपटाने आठ ऑस्कर पटकावले तेव्हा हा आक्षेप विशेष तीव्र झाला. त्यात तथ्य नाही असे नाही. परक्या नजरेला परिचित साच्यातला भारत चटकन ओळखू येतो, आणि त्या नजरेसाठीच चित्रपट काढणारेही आहेत.

परंतु आक्षेप पुरता खरा असता तर २०२३ चे निकाल तसे लागते ना. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट लघुमाहितीपट ठरला ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. मुदुमलाईच्या जंगलात हत्तीची अनाथ पिल्ले पोटच्या पोरांसारखी वाढविणाऱ्या बोम्मन आणि बेल्ली या वनवासी दांपत्याची ही कथा. त्यात गरिबी आहे, पण करुणेची भीक नाही. माणूस, प्राणी आणि अरण्य यांचे नाते आहे, देवाधर्माची सहज श्रद्धा आहे. त्याच रात्री ‘आरआरआर’मधील ‘नाटू नाटू’ हे तेलुगू गीत सर्वोत्कृष्ट ठरले, आणि ज्यात दैन्याचा लवलेश नाही असे ते जोशाचे नृत्य साऱ्या जगाने टाळ्यांच्या ठेक्यावर पाहिले. तो चित्रपटही भारताचा अधिकृत प्रतिनिधी नव्हता, हे इथे लक्षात ठेवावे. दारिद्र्य दाखविले का, हा प्रश्न गौण आहे. ते दाखविताना माणसाचा मान राखला का, हे पाहायला हवे. ‘मदर इंडिया’तील राधा चिखलात नांगर ओढते, पण तिची कीव येत नाही, तिच्यापुढे मस्तक लवते.

दूरच्या शाळेची गोष्ट

केशोरीच्या शेजारी, गोठणगावच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पन्नासहून अधिक वर्षे हे लोक झाडीपट्टीच्या हवेपाण्यात राहत आहेत. त्यांच्या हिमालयाच्या कुशीतून, भूतानमधून, एक चित्रपट २०२२ मध्ये ऑस्करच्या पाच नामांकनांत पोहोचला. नाव ‘लुनाना’. शहरात रमलेल्या, परदेशी जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या एका तरुण शिक्षकाची बदली हिमशिखरांमधल्या अतिदुर्गम शाळेत होते, एवढेच कथासूत्र. चित्रीकरण खरोखरच त्या गावात झाले. वीज नसल्याने सौरऊर्जेवर काम भागविले. गावचीच माणसे आणि मुले पडद्यावर आली. आधीच्या वर्षी तांत्रिक कारणावरून तो अपात्र ठरला होता, कारण भूतानकडे मान्यताप्राप्त निवड समितीच नव्हती. त्यांनी समिती नेमली, अर्ज पुन्हा भरला आणि नामांकन मिळविले. आठ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश हे करून दाखवितो! दुर्गम शाळा, बदलीला नाखूष शिक्षक आणि त्याला माया लावणारी मुले, ही कथा केशोरीच्या परिसरातील कोणत्याही वाडीत सापडली असती. ती सांगणारा मात्र सापडायला हवा.

असे सांगणारे आता विदर्भातही निपजू लागले आहेत, ही आशेची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ हा चित्रपट आपल्याच गावात, गावकऱ्यांना घेऊन, तिथल्याच बोलीत काढला. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमात पुन्हापुन्हा पाटावर बसावे लागणारी, शिकू पाहणारी सविता आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला तिचा बाप. टोरांटोच्या २०२३ च्या महोत्सवात या चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातील प्रश्न वैदर्भीय घरांचे आहेत, बोचरे आहेत आणि आपल्या समाजाने स्वतःला विचारण्यासारखे आहेत. टोरांटोच्या प्रेक्षकाने ज्या दिवशी तो पाहिला, त्यानंतर दीड वर्षाने तो आपल्याकडे आला, आणि तोही शहरांतल्या मोजक्या पडद्यांवर. ज्यांच्या घरची ही गोष्ट आहे त्या गावांपैकी कितींनी तो पाहिला?

मानदंड आपलाही असावा

मुद्दा इथे येऊन ठेपतो. १९३६ साली प्रभातने दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ काढला. खेड्यापाड्यांतली माणसे तो देवदर्शनाला यावे तशी पाहायला आली. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. देहूच्या वाण्याची ही कथा व्हेनिससाठी काढलेली नव्हती. वारकऱ्याला ती आपली वाटली, आणि म्हणूनच समुद्रापारच्या रसिकालाही तिचा खरेपणा भिडला. क्रम हा असा असतो. आधी घरचा कौल, मग बाहेरची दाद. आज आपण हा क्रम उलटा केला आहे. बाहेरून शिक्का उमटला की मग घरात कौतुक सुरू होते. आत्मविस्मृती ती हीच.

याचा अर्थ ऑस्करकडे पाठ फिरवावी असा नाही. ती अमेरिकेतील एका व्यवसायबंधूंच्या संस्थेची परीक्षा आहे, तिचे नियम आहेत, त्यात उतरायचे तर अभ्यास करून उतरावे. उत्तीर्ण झालो तर आनंद, न झालो तर सुतक नको. पण त्या परीक्षेला राष्ट्राच्या कलेचा अंतिम निवाडा मानणे हे स्वाभिमानी समाजाला शोभत नाही. आणि आपला स्वतःचा निवाडा करण्याची सवय सुटली, तर केवळ तिरस्काराने ती जागा भरून निघणार नाही.

केशोरीचा प्रेक्षक संथ, गंभीर चित्रपट पाहणार नाही, असे कोणी म्हणेल. रात्री दहा-अकराला सुरू झालेले नाटक थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत पाहणाऱ्या माणसाला संयम शिकविण्याची गरज आहे काय? याच प्रेक्षकाने परशुराम खुणे यांच्यासारख्या कलावंताला हजारो प्रयोगांत टाळ्या दिल्या, तेव्हा कुठे २०२३ मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. अर्थात टाळ्या-शिट्ट्या म्हणजेच कस असेही नव्हे. झाडीपट्टीच्या रंगमंचावरही सवंग नाच आणि द्व्यर्थी विनोद शिरल्याची खंत तिथले जाणकारच व्यक्त करतात. रसिकता ही शेतीसारखी असते. चांगले बियाणे पडले नाही तर तण माजते. म्हणूनच उत्तम चित्रपट तिथवर पोहोचणे अगत्याचे आहे.

मग करावे काय? समितीने आपले निकष लेखी जाहीर करावेत, निवड ऑगस्टअखेर आटोपावी आणि सदस्यांत स्त्रिया, ग्रामीण भागाचे जाणकार व वितरणतज्ज्ञ असावेत. निवडलेल्या चित्रपटाच्या निर्मात्याला ‘श्वास’च्या वेळेप्रमाणे झोळी घेऊन फिरावे लागू नये, अशी वेळेवर हाती पडणारी तरतूद शासन आणि चित्रपट उद्योग यांनी मिळून करावी. आणि जो चित्रपट भारताच्या नावाने जाणार, तो जाण्याआधी निदान काही शे खेड्यांत दाखविला जावा.

शेवटचे काम शासनावर सोडण्याचे कारण नाही. ते कार्यकर्त्यांचे आणि सुजाण कुटुंबांचे आहे. निर्मात्याची रीतसर परवानगी, एक प्रक्षेपक, एक पांढरे कापड आणि शाळेचे पटांगण एवढ्यावर तालुक्याच्या गावी खेळ होऊ शकतो. झाडीपट्टीत तर मंडपही तयार असतो आणि प्रेक्षकही. हिवाळ्यातील एक रात्र नाटकाची, तर दुसरी ‘श्वास’ची, ‘स्थळ’ची किंवा ‘संत तुकाराम’ची का नसावी? खेळानंतर अर्धा तास लोकांनी बोलावे. आजीने बोलावे, शेतमजुराने बोलावे, आश्रमशाळेतल्या मुलीने बोलावे. कुठे खोटे वाटले, कुठे डोळे भरले, हे त्यांनी सांगावे आणि ते कोणीतरी लिहून ठेवावे. अशा शंभर गावांचे टिपण जमले तर ते कोणत्याही समितीला मार्गदर्शक ठरेल, आणि त्या शंभर गावांतून उद्याचा एखादा सोमलकर उभा राहील.

केशोरीच्या पारावर नाटक ठरविणारी माणसे एक साधा नियम पाळतात. ज्याचे पैसे, ज्याची रात्र, त्याची आवड आधी विचारायची. भारताचा चित्रपट ज्यांच्या जगण्यावर उभा आहे त्यांचा कौल आधी घेतला, तर जानेवारीतील त्या यादीत नाव असो वा नसो, मान खाली घालण्याची वेळ येणार नाही.